मदत हवी आहे: स्वतः बेतलेल्या शालीचा नमुना मराठीत कसा लिहू?

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण तपशिलाशिवाय अडचण कळणार नाही.

मी मुलुंडला राहते. गेले आठ महिने एक तिकोनी शाल बेततेय, बरीचशी गाडीत, बायकांच्या डब्यात. (गोल सुई घेतली की शेजारणीला कोपर लागत नाही.) मानेच्या मध्यापासून खाली विणायची आहे. ३ टाके घालून ६ सुया (म्हणजे ओळी) सुलट, मग बाजूचे ३ आणि सुरुवातीच्या कडेचे ३ उचलून ९ टाके. पुढे सुलट बाजूच्या प्रत्येक सुईला ४ टाके वाढतात: दोन्ही कडांना एकेक, मधल्या कण्याच्या, म्हणजे शालीच्या मधोमध उतरणाऱ्या रेघेच्या, दोन्ही अंगांना एकेक. असं ७२ वेळा केलं की २९७ टाके.

जाळीचं पान, म्हणजे पानाच्या आकाराची जाळीदार नक्षी, माझ्या आत्याच्या वहीतलं, १० टाक्यांचं आणि १२ सुयांचं. इथे मी महिनाभर अडले. १२ सुयांत शालीच्या प्रत्येक अर्ध्यात १२ टाके वाढतात. म्हणजे १० चं एक पान बसून २ टाके उरणार, पुढच्या खेपेला ४, आणि कडेची पानं तुटत जाणार. किती उसवलं त्याला गणती नाही. शेवटी पानाच्या दोन्ही बाजूंना एकेक साधा टाका दिला, पान १२ चं झालं आणि सगळं जुळलं. शाल गादीवर पसरली तेव्हा प्रत्येक पानाखाली बरोबर पान होतं. आत्या असती तर तिला आधी दाखवली असती.

शाल जमली, पण लिहिलेला नमुना फसला. तिघींना विणायला दिला होता. न्यूजर्सीच्या नणंदेने मी लिहिलं तशी ८ नंबरची सुई घेतली. आपल्याकडे ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, तिकडे ८ म्हणजे ५. वीण इतकी सैल झाली की पान दिसेना, आणि शेवटच्या १२ सुया बाकी असताना लोकर संपली. त्या १२ सुयांनाच एकूण लोकरीचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. दादरच्या मैत्रिणीने 'दोन टाक्यांचा एक' सगळीकडे एकाच पद्धतीने केला. त्यामुळे पानाच्या दोन्ही बाजू उजवीकडे कलल्या, मधली शीर उमटलीच नाही. चूक तिची नाही, मी लिहिलंच नव्हतं. तिसरी अजून विणतेय.

मराठीत नमुना लिहिताना तुम्ही हे कसं सांगता? आत्याच्या वहीतलं पान वापरणं योग्य आहे का? आणि विकायचा झाला तर पैसे कसे घेता?

प्रतिसाद १
ताई, नंबर काढून टाका, फक्त मिलिमीटर लिहा. 'दोन टाक्यांचा एक'ला दोन नावं द्या. उजवा: दोन टाके एकत्र सुलट. डावा: दोन टाके सुलट विणल्यासारखे एकेक करून उजव्या सुईवर उतरवा, डावी सुई त्यांच्यात पुढून घाला आणि दोन्ही मागून एकत्र विणा. ही नावं पूर्ण लिहा. मी एकदा 'उ' लिहून मोकळी झाले होते, विणणारीला कळेना की उलट की उजवा. शिवाय वाढीच्या प्रत्येक सुईअखेर एकूण टाके लिहा, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. आलेख (टाक्यांचा चौकटींत काढलेला नकाशा) देणार असाल तर सुलट सुई उजवीकडून डावीकडे वाचायची आणि उलट सुई डावीकडून उजवीकडे, हे त्याच्याखालीच लिहा.

प्रतिसाद २
जाळीच्या जुन्या पानांवर सहसा कुणाची मालकी नसते. कॉपीराइट असतो तो लिहिलेल्या मजकुरावर आणि काढलेल्या आलेखावर, १९५७ च्या कायद्यात तो नोंदणीशिवायही मिळतो. वहीत मासिकातला मजकूर उतरवलेला असेल तर तो तसाच घेऊ नका. आलेख तुमचा, बारा टाक्यांची जुळणी तुमची. आत्याचं नाव मात्र पहिल्या पानावर हवं. पैशांचं म्हणाल तर भारतातल्या भारतात पेपॅल २०२१ च्या एप्रिलपासून बंद आहे. इथल्यांकडून मी यूपीआयने घेते आणि पीडीएफ मेलने पाठवते.

आणखी एक, माप शाल धुऊन, टाचण्यांनी ताणून वाळवल्यानंतरचंच द्या. जुलैत आपल्याकडे पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही लोकर आतून ओली राहते. ओली असताना टाचण्या काढल्या की शाल आक्रसते. ॲक्रिलिक तर टाचण्या लावूनही लोकरीसारखं ताणून राहत नाही, तेही लिहा.

मूळ धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. आत्याने वहीत पानाखाली फक्त 'शेवटी दोन उरतात' असं लिहिलं होतं. ते कशाबद्दल, हे आज कळलं. उजवा-डावा घालून रविवारपर्यंत नमुना पुन्हा लिहिते. चार नंबरच्या नव्हे, ४ मिलिमीटरच्या गोल सुया असलेल्या दोघीजणी तो विणून बघतील का? लोकर मी पाठवेन.