मेडिकलवरून आणलेली व्हिटॅमिन ए ची क्रीम लावायलेय, चेहरा सोलायलाय, कुणी सांगा

लातूरची_पोर:
गालावर वांग आलाय अन् मुरुमाचे डाग पण हाएत. मैत्रीण म्हणली व्हिटॅमिन ए ची क्रीम लाव, मेडिकलवर मागितली तर त्यानं चिठ्ठी बिठ्ठी न विचारता एक ट्यूब दिली. आठवडाभरात असा चेहरा उजळला की सासूबाई पण विचारायल्या काय लावायलीस, पण आता उन्हात गेलं की आग होतेय अन् कातडं निघायलंय. हेच का ते व्हिटॅमिन ए चं रेटिनॉल? घरचे म्हणायलेत क्रीम सोड, गाजर खा.

परभणीचा_मेडिकलवाला:
ताई, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा आधी. रेटिनॉल इतकं फास्ट नसतंय, कातड्यात गेल्यावर त्याचं रेटिनाल्डिहाइड अन् मग रेटिनोइक ॲसिड होतं, खरं काम ते ॲसिड करतंय, म्हणून फरक दिसायला तीनेक महिने जातात. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट ते ॲसिडच, ते चिठ्ठीवरच द्यायचं असतं. तुमचं आठवड्यात उजळलं म्हणजे मला दुसराच संशय येतोय, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) अन् मोमेटासोन तिन्ही एकात असलेली ट्यूब असंल. मोमेटासोन स्टेरॉइड आहे. आमच्याच धंद्यातले काहीजण ती गोरेपणाची क्रीम म्हणून खपवतात, लग्नसराईत तर विचारूच नका.

नांदेडची_काकू:
गाजराला हसू नका बरं. मी अंगणवाडीत हाय, ९ महिन्याच्या लेकराला व्हिटॅमिन ए चा १ लाख युनिटचा डोस देतेत, पुढं ५ वर्षापर्यंत दर ६ महिन्याला २ लाखाचा, ते काय गोरं व्हायला नाही, रातांधळेपणा येऊ नये म्हणून. मोठ्यांना शेवग्याचा पाला, मेथी, केसर आंबा यातून मोप मिळतंय, फक्त भाजीला करडईच्या तेलाची फोडणी पडू द्या, तेलाशिवाय ते नीट अंगी लागत नाही. पण वांग काय गाजरानं जायचा नाही.

उदगीर_एक्सप्रेस:
मग गोळ्याच घ्याव्यात की, ऑनलाइन डबल पॉवरच्या मिळायल्यात

परभणीचा_मेडिकलवाला:
काहून जीवावर उठलाव दादा? व्हिटॅमिन सी सारखं जास्तीचं लघवीतून निघून जात नाही हे, लिव्हरमधी साठतंय. डोकं दुखणं, केस गळणं, लिव्हर खराब, सगळं होतंय. अन् ज्या ताईंना दिवस गेलेत किंवा चान्स घ्यायल्यात त्यांनी ना असल्या गोळ्या घ्यायच्या ना रेटिनॉलची क्रीम लावायची, बाळाला धोका असतो.

लातूरची_पोर:
पाहिलं. तिन्ही नावं हाएत. आत्ताच फेकून देते.

परभणीचा_मेडिकलवाला:
थांबा, फेकू नका. स्टेरॉइड एकदम सोडलं की कधी कधी चेहरा अजून लालभडक होतो, पुरळ उठतंय. ट्यूब सोबत घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत दाखवा, कसं सोडायचं ते डॉक्टर सांगतील. तोवर सनस्क्रीन अन् स्कार्फ, लिंबू बिंबू काही चोळू नका. रेटिनॉलचं नंतर बघू, तेही रात्री, वाटाण्याएवढं अन् सुरुवातीला हप्त्यातून दोनदाच.