मदत हवी आहे: एन्कोडिंगचा फिल्टर चालू असूनही फॉर्ममधली मराठी नावं बिघडतात

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद नोंदणीची साइट मी सांभाळतो. जुन्या पद्धतीची जावा सर्व्हलेटची (विनंती घेऊन उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रामची) आहे, टॉमकॅट ९ या सर्व्हरवर चालते, फ्रेमवर्क काही नाही. गेल्या पंधरवड्यापासून नव्या सभासदांची नावं डेटाबेसमध्ये वेडीवाकडी पडताहेत. परवा एका आजोबांना ओळखपत्र दिलं, त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे कुणाचं दिलंत?" फार वाईट वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

चाचणीसाठी ‘सुमन’ भरून पाहिलं. स, उकार, म, न अशा चार खुणांच्या जागी बारा चिन्हं आली. दर तिसऱ्या जागी तोच डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. पण शोधाच्या चौकटीत हेच नाव टाकलं तर बरोबर पोचतं. शोध गेटने जातो (मजकूर पत्त्यातच), नोंदणी पोस्टने (मजकूर विनंतीच्या आत).

विनंती सर्व्हलेटपर्यंत पोचण्याआधी ज्यांतून जाते असे फिल्टर तीन आहेत. लॉगचा फिल्टर पंधरवड्यापूर्वीच घातला, तो गेटपॅरामीटरने फॉर्ममधला ‘कृती’ हा रकाना वाचून लिहून ठेवतो. लॉगिनचा फिल्टर सेशनमध्ये वापरकर्ता नसेल तर सेंडरीडायरेक्टने लॉगिन पानावर पाठवतो, आणि शेवटच्या ओळीत विनंती पुढे सोडणारं चेन डॉट डूफिल्टर आहे. एन्कोडिंगचा फिल्टर सेटकॅरॅक्टरएन्कोडिंगने यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) लावतो आणि विनंती पुढे सोडतो. तो चालतो हे नक्की, आत छापायला लावलेली ओळ लॉगमध्ये दिसते. त्यात एक्सेप्शन नाही. वेब डॉट एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्ये त्याची फिल्टर नोंद सगळ्यात वर नेली, तरी तेच. काय चुकतंय?

प्रतिसाद १

तुमचा लॉगचा फिल्टर आधी चालतोय. कुणीही पहिल्यांदा गेटपॅरामीटर मागितलं की टॉमकॅट पोस्टचा सगळा मजकूर त्याच क्षणी उलगडतो आणि तयार झालेली मूल्यं जपून ठेवतो. तोवर एन्कोडिंग कुणी सांगितलेलं नसेल तर आयएसओ-८८५९-१ ही एका बाइटला एक चिन्ह मानणारी जुनी पद्धत धरतो. त्यानंतर तुम्ही यूटीएफ-८ सांगितलंत तरी उलगडलेलं पुन्हा उलगडलं जात नाही, आणि तक्रारही येत नाही. म्हणून एक्सेप्शन दिसत नाही.

देवनागरीची एकेक खूण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटची, म्हणून चारांचे बारा. पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, तोच तुमचा रेघवाला ए. गेटचं कारण वेगळं. पत्त्यातला मजकूर टॉमकॅट ८ पासून मुळातच यूटीएफ-८ धरून वाचला जातो, त्यात तुमच्या फिल्टरचा हात नाही.

आणि क्रम फिल्टरच्या नोंदीवरून ठरत नाही, कोणता फिल्टर कुठे लावायचा हे सांगणाऱ्या फिल्टर-मॅपिंगच्या नोंदींवरून ठरतो. ती वर न्या.

धागाकर्ता

आत्ताच मॅपिंग वर नेलं, टॉमकॅट बंद करून पुन्हा चालू केला. लॉगमध्ये अजूनही लॉगचा फिल्टर आधी आणि एन्कोडिंगचा शेवटी. नाव तसंच बिघडलेलं.

प्रतिसाद २

एन्कोडिंगच्या मॅपिंगमध्ये यूआरएल-पॅटर्न (पत्त्याचा नमुना) आहे की सर्व्हलेट-नेम (सर्व्हलेटचं नाव)?

धागाकर्ता

सर्व्हलेट-नेम. नोंदणीच्या सर्व्हलेटचं नाव दिलंय. बाकी दोघांना यूआरएल-पॅटर्न, तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे सगळे पत्ते.

प्रतिसाद २

मग हेच. यूआरएल-पॅटर्नने जुळणारे सगळे फिल्टर आधी साखळीत लागतात, त्यांच्या आपसातल्या क्रमाने. सर्व्हलेट-नेमवाल्यांची पाळी त्यांच्यानंतर. फाइलमध्ये कितीही वर ठेवलंत तरी हा नियम मोडत नाही. एन्कोडिंगलाही तिरकी रेघ आणि तारा द्या आणि ते मॅपिंग पहिलं ठेवा.

पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या लॉगिनच्या फिल्टरमध्ये आहे. सेंडरीडायरेक्टनंतर रिटर्न आहे का? नसेल तर ब्राउझर लॉगिन पानावर जातो, पण विनंती मात्र साखळीतून पुढे सर्व्हलेटपर्यंत पोचते. फिल्टरचं काम वाड्याच्या दिंडीदरवाज्यासारखं आहे. चेन डॉट डूफिल्टर म्हटलं की दार उघडलं, मग बाहेर पाहुण्याला काहीही सांगितलेलं असो. तपासायचं तर कुकी न देता, म्हणजे लॉगिन नसताना, कर्ल या कमांडने नोंदणीची पोस्ट विनंती पाठवा आणि डेटाबेस पाहा. लॉगमध्ये अधूनमधून इलीगलस्टेटएक्सेप्शन दिसत असेल तर ते यातूनच येत असणार, कारण रीडायरेक्ट झालेल्या उत्तरावर सर्व्हलेट पुन्हा फॉरवर्ड करू पाहतो.

धागाकर्ता

दोन्ही गोष्टी करून पाहिल्या.

यूआरएल-पॅटर्न दिल्यावर एन्कोडिंग पहिला चालला आणि ‘सुमन’ जशीच्या तशी उतरली.

लॉगिनचं मात्र तुम्ही म्हणता तसंच निघालं. कुकी न देता पाठवलेली नोंद सरळ टेबलात जाऊन बसली. इलीगलस्टेटएक्सेप्शन मी कित्येक महिने पाहत होतो आणि कुणीतरी बटण दोनदा दाबलं असेल असं धरून सोडून देत होतो. रिटर्न घातलं, पुन्हा कर्ल केलं, आता नोंद होत नाही. हे विचारलंही नव्हतं, तुम्ही आपणहून दाखवलंत, मनापासून आभार.

एकच राहिलं. बिघडलेली ८७ नावं परत मिळतील का, की सगळ्यांना पुन्हा अर्ज भरायला सांगू?

प्रतिसाद १

टेबल यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) असेल आणि मध्ये कुठे प्रश्नचिन्हं झालेली नसतील, तर काहीच हरवलेलं नाही. छोटा जावा प्रोग्राम लिहा. नाव वाचा, गेटबाइट्सने आयएसओ-८८५९-१ मध्ये बाइट काढा, त्याच बाइटांपासून यूटीएफ-८ म्हणून नवी स्ट्रिंग बनवा. फक्त रेघवाला ए असलेल्या ओळींवरच चालवा. चांगल्या नावांवर चालवलात तर त्यांची मात्र खरोखर प्रश्नचिन्हं होतील. आधी टेबलाची प्रत काढून ठेवा.

धागाकर्ता

प्रत काढली, मग चालवला. ८७ च्या ८७ नावं वाचता येताहेत, जोडाक्षरं आणि रफारांसकट. आजोबांचं नवं कार्ड छापून ठेवलंय, उद्या सकाळी वाचनालय उघडलं की त्यांना देतो.