मदत हवी आहे: केमो चालू असताना समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल द्याव्यात का?

मंडळी, केमोच्या पुढच्या फेरीच्या आधी ठरवायचंय म्हणून विचारतेय, कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर प्लीज सांगा.

माझ्या मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, स्टेज ३. ऑपरेशन झालंय, आता ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय थायरॉइडची गोळी आधीपासूनच आहे. तळहाताची सालं निघतायत आणि फ्रीजमधलं दुधाचं पातेलं उचललं तरी बोटांत सुया टोचल्यासारखं होतं, म्हणून मामी सगळं कोमट करूनच हातात देते.

तर मामेभाऊ ओसाकाला असतो, त्याने तिकडून ब्राऊन सीवीडच्या कॅप्सूल पाठवल्यात. त्यात फ्यूकोझॅन्थिन असतं, वाकामे, कोंबू अशा शेवाळांना तपकिरी रंग देणारं द्रव्य, गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्याच घराण्यातलं. मामीने त्यावर फार आशा लावलीय. त्यात मालवणचे एक नातेवाईक म्हणाले की आपल्याकडे खडकांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ भरपूर येतं, तेच वाळवून पूड करून द्या, विकतचं कशाला.

मी बसून बरंच वाचलं आणि खरं सांगते, आधी मलाही धीर आला. २००१ साली जपानमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर १५ कॅरोटिनॉइड्स (म्हणजे याच घराण्यातली द्रव्यं) वापरून पाहिली, त्यात फ्यूकोझॅन्थिन आणि पालकातलं नियोझॅन्थिन ही दोनच सगळ्यात जोरदार ठरली. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवरही काम झालंय, पेशींचं विभाजन थांबतं, मग त्या स्वतःहून मरतात. पण हे सगळं काचेच्या डिशमधलं किंवा उंदरांवरचं. माणसाच्या पोटात गेल्यावर ते आधी फ्यूकोझॅन्थिनॉल होतं आणि रक्तात फारच थोडं पोचतं. जपानमध्येच लोकांना आठवडाभर रोज वाकामे खायला देऊन रक्त तपासलं तर जेमतेम एक नॅनोमोलर, म्हणजे अगदी नगण्य, निघालं, डिशमध्ये वापरतात त्याच्या हजारो पटीने कमी! इथेच माझं मन अडकलंय. शिवाय १९९४ मध्ये फिनलंडच्या सिगरेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता, म्हणजे कॅरोटिनॉइड आहे तर निदान अपाय तरी नाही होणार, असंही म्हणता येत नाही.

माझे प्रश्न: केमोसोबत हे कुणी घेतलंय का आणि डॉक्टर काय म्हणाले? थायरॉइडवर परिणाम होतो का? आणि मामीला न दुखावता थांबवायचं कसं, कारण तिला वाटतं आपण काहीच करत नाही आहोत.

प्रतिसाद १
ताई, मी फार्मासिस्ट आहे. सध्या कॅप्सूल सुरू करू नका. केमो चालू असताना फ्यूकोझॅन्थिनसारखी अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय द्यायचीच नाहीत. डबी तशीच ओपीडीत घेऊन जा, लेबल जपानी असेल तर भावाकडून सगळे घटक लिहून मागवा. त्यात फॉलिक ॲसिड आहे का ते नक्की बघा, कॅपेसिटाबिनसोबत ते गेलं तर जुलाब आणि हातापायाचा त्रास वाढू शकतो. कोंबूत आयोडीन प्रचंड असतं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं आणि कोंबूच्या छोट्या तुकड्यातही त्याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे थायरॉइडचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि ती घरची पूड तर अजिबात नको. जपानमध्ये खातात ते हिजिकी शेवाळ हे सरगॅसमच आहे आणि त्यातल्या आर्सेनिकमुळे ब्रिटनने २००४ मध्ये ते खाऊ नका असं लोकांना सांगितलंय.

प्रतिसाद २
माझ्या बाबांच्या वेळी आईचंही असंच होतं. आम्ही तिला डॉक्टरांकडे सोबत नेलं, सगळे प्रश्न तिनेच विचारले, त्यांनी तिला अंडी, मऊ भात, डाळ, माशाचं कमी तिखट कालवण किती आणि कधी द्यायचं ते लिहून दिलं. मामीलाही घेऊन जा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. फॉलिक ॲसिडचं मला माहीतच नव्हतं, भावाला आत्ताच लेबलचा फोटो पाठवायला सांगितलाय. ओपीडीला मामीलाच पुढे बसवते. कुणाच्या डॉक्टरांनी केमो संपल्यावर हे घ्यायला परवानगी दिली असेल तर तेही लिहा, मामी तो प्रश्न नक्की विचारणार आहे.