दोन बैठकांत संपणाऱ्या कादंबरीला गाईड कशाला?

गंगापूर रोडकर
हजार पानांच्या कादंबरीला कोणी गाईडचा आधार घेतला तर समजू शकतो. पण अल्बेर काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ (मूळ फ्रेंच, 1942) दोन बैठकांत वाचून होते. आपल्याकडे नाशकात कॉलेज रोडला बीए-एमएची कितीतरी मुलं मूळ पुस्तक न उघडता गाईडवर पेपर लिहितात. यात या कादंबरीचं तर फारच नुकसान होतं.

पहिल्या भागात कादंबरीचा नायक मर्सो आईच्या शवपेटीजवळ बसून दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोहायला जातो, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. लेखक त्यावर काहीही भाष्य करत नाही. आपण वाचत पुढे जातो. दुसऱ्या भागात मर्सोवर खुनाचा खटला चालतो. सरकारी वकील हीच कॉफी, हीच सिगारेट, हाच सिनेमा एकेक करून कोर्टापुढे ठेवतो आणि त्यातून एक निर्दय राक्षस उभा करतो. वाचणारा तिथे हादरतो, कारण हे सगळं त्यानेही पाहिलेलं असतं. आता गाईडमधला पात्रपरिचय बघा. मर्सो भावनाशून्य आहे, अलिप्त आहे, समाजाचे संकेत मानत नाही, हे तिथे क्रमांक घालून दिलेलं असतं. म्हणजे पहिलं पान उलटण्याआधीच सरकारी वकिलाचं भाषण पाठ झालं! मग वाचायला उरलं काय?

सुरगाण्याची
दादा, मुद्दा चांगला मांडलाय. पण ज्याला ती कॉफी आणि सिगारेट पहिल्या वाचनात दिसते, त्याच्यापुरताच तो खरा आहे. माझं शाळा-कॉलेज मराठीतून, आणि एमएला ही कादंबरी इंग्रजीतून. सगळा जीव वाक्य लावण्यात जातो, पान संपलं की मागचं आठवत नाही. घरी विचारायला कोणी नाही. वर्गात सरांनी चार तासांत अख्खी कादंबरी उरकली.

ही गोष्ट अल्जीरियात घडते आणि 1830 ते 1962 तिथे फ्रेंचांचा अंमल होता, हे मला गाईडमधून कळलं. मर्सो ज्याला मारतो त्या अरब माणसाला कादंबरीभर नाव नाही, हेही गाईडनेच दाखवलं. कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने 2013 साली त्या मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्या मेलेल्याला मुसा हे नाव दिलं. कुणाच्या तरी गोष्टीत बिननावाचं मरायचं म्हणजे काय, हे आमच्या पाड्यांवर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर मी मूळ पुस्तक पुन्हा हातात घेतलं आणि पूर्ण वाचलं. गाईड नसतं तर ते कपाटातच राहिलं असतं.

गंगापूर रोडकर
ताई, अल्जीरियाचा इतिहास जरूर सांगावा. तो प्रस्तावनेच्या चार पानांत मावतो. पुस्तकाच्या आत जे वाचकाने शोधायचं, ते आधीच वाटून टाकायला माझा विरोध आहे. शिवाय बाहेरची माहिती तरी धड असते का? मी चाळलेली गाईडं काम्यूला बिनदिक्कत अस्तित्ववादी (माणूस आपल्या निवडीतून स्वतःला घडवतो असं मानणारा) म्हणतात. आपण अस्तित्ववादी नाही, हे त्याने 1945 सालच्या मुलाखतीत स्वच्छ सांगितलं होतं.

पौष वारी
भाष्याला एवढं का घाबरता? सातशे श्लोकांच्या गीतेवर ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये नऊ हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे जी दिंड्यांची रीघ लागते, त्यातल्या किती जणांनी गीता संस्कृतातून वाचली असेल? त्यांच्यापर्यंत ती भाष्यातूनच पोचली. पुढे ज्ञानेश्वरीची भाषाही जड वाटू लागली तेव्हा सार्थ ज्ञानेश्वरी आली, आणि घरोघरी गेली. खुद्द ‘द स्ट्रेंजर’वर फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1943 मध्येच उलगडा करणारा मोठा लेख लिहिला. पॅरिसच्या वाचकाला मदत चालते, नाशिकच्या मुलीला का नको?

फ्रेंच लेखक व्होल्तेरची ‘कांदीद’ (1759) ही कादंबरी घ्या. तीस छोटी छोटी प्रकरणं. देवाने निर्माण करता येण्याजोग्या जगांतलं सर्वोत्तम जग हेच, असं जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ म्हणत होता. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सणाच्या दिवशी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि प्रार्थनेला जमलेली माणसं चर्चखाली गाडली गेली. हे ठाऊक नसेल तर कादंबरीत लाइबनिझचंच मत घोकणारा गुरू पँग्लॉस नुसता बडबड्या वाटतो. व्होल्तेरचा संताप कळतच नाही.

सिडकोतले सर
मी बीएला इंग्रजी शिकवतो. ज्ञानेश्वरीशी तुलना मला मान्य नाही. ज्ञानेश्वर एका श्लोकापाशी श्रोत्याला बसवून ठेवतात, दृष्टान्तावर दृष्टान्त देतात. परीक्षेचं गाईड त्याला तिथून उठवतं. मर्सो एक गोळी झाडतो, थांबतो, आणि निपचित पडलेल्या देहावर आणखी चार झाडतो. तपास करणारा न्यायाधीश पुन्हा पुन्हा विचारतो, पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या मध्ये का थांबलास? मर्सो गप्प राहतो. त्या गप्प राहण्यावर आमचा अख्खा तास जातो, आणि जायलाच हवा. गाईडमध्ये मात्र मर्सोच्या वतीने उत्तर तयार असतं, तेही पाच गुणांचं.

‘कांदीद’च्या एकोणिसाव्या प्रकरणात सुरीनामला एक गुलाम भेटतो. साखरेच्या घाण्यात बोट सापडलं म्हणून त्याचा हात तोडलाय, पळून जायचा प्रयत्न केला म्हणून पाय. तो सांगतो, युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीला. सारांशात याची एक ओळ होते. हा परिच्छेद मी वर्गात सावकाश वाचला, तेव्हा ज्याचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात असा एक मुलगा वर्षभरात पहिल्यांदा बोलला. उचल, मुकादम, फडावरच्या खोप्या, सगळं. सारांश वाचून तो बोलला असता असं मला वाटत नाही.

अंबड, रात्रपाळी
सर, तुमच्या वर्गात ज्यांना बसता येतं ते नशीबवान. मी कारखान्यात पाळीवर असतो, शिक्षण मुक्त विद्यापीठातून. 1989 साली हे विद्यापीठ आपल्या नाशकात सुरू झालं ते माझ्यासारख्यांसाठीच. तिथल्या स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांत मजकूर मध्येच थांबवून प्रश्न विचारतात, आधी स्वतः उत्तर लिही म्हणतात. असं मराठीतलं पुस्तक ‘द स्ट्रेंजर’ला का नसावं? सुरुवातीला अल्जीरिया सांगा, गोळीपाशी तुमचा प्रश्न घाला आणि खाली जागा कोरी सोडा. शिक्षक मिळत नाही त्याला पुस्तकातला शिक्षकही नाकारू नका.

गंगापूर रोडकर
असं पुस्तक निघालं तर पहिली प्रत मी घेईन. पण ते खपणार नाही. पेपरात ‘मर्सोचे व्यक्तिचित्रण करा’ हाच प्रश्न येत राहिला तर मुलं तयार उत्तरच विकत घेणार. पेपर काढणाऱ्यांनी एक परिच्छेद छापावा आणि त्यावर लिहायला सांगावं. तोवर माझा विरोध कायम.

सुरगाण्याची
पेपर बदलायचा तेव्हा बदलेल. माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी याच पेपरला बसतेय. तिला मी पुस्तक आणि गाईड दोन्ही देणार. आधी काय उघडायचं ते तिचं तिने ठरवावं. सर, गोळ्यांचा तो तास तुम्ही यंदा कधी घेणार? बाहेरच्यांना बसू देत असाल तर वार आणि वेळ सांगा. पहिल्या एसटीने निघालो तर आम्ही दोघी दहापर्यंत पोचू.