मदत हवी आहे: कृत्रिम गोडवा पूर्ण टाळणारं कुणी आहे का?

साखर कमी करायची म्हणून वर्षभर शुगर फ्री गोळ्या वापरल्या. पण तो मागे रेंगाळणारा गोडवा जिभेवरून जाता जात नाही, म्हणून बंद केल्या. आता लेबलं वाचते तर प्रोटीन पावडर, च्युइंगम, खोकल्याचं औषध, सगळीकडे तेच! कुठे नुसतं ९५१ किंवा ९५५ लिहिलेलं. पहिलं अस्पार्टेम, दुसरं सुक्रालोज, म्हणजे दोन्ही साखरेऐवजी घातलेले कृत्रिम गोड पदार्थ, हे कळायलाच मला किती दिवस लागले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नका असं सुचवलं. नवरा मात्र म्हणतो, "साखरेपेक्षा बरं." (मधुमेह आम्हा दोघांनाही नाही.)

तुम्ही चहा एकदम बिनसाखरेचा केलात की हळूहळू? जिभेला सवय व्हायला किती दिवस लागले? आणि कुणी प्रेमाने डाएट कोला पुढे केला तर नाही कसं म्हणता?