मदत हवी आहे: उलगडणारी ‘स्पायरल हिल’ कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर दिवाळीला लेकीबरोबर मागच्या अंगणात किल्ला करतो. यंदा तिला त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या हॅलोविनला, दारात ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मधली ही टेकडी हवी आहे. ती स्वतः त्यातली चिंध्यांची बाहुली सॅली होणार आहे.

१९९३ चा हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हॅलोविन टाउनच्या दफनभूमीत एक निमुळती टेकडी आहे, तिचा शेंडा नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखा आत वळलेला. मागे भला मोठा पिवळा चंद्र. चित्रपटाचा नायक जॅक गात गात शेंड्याकडे जातो आणि त्याच्या पावलांखाली ती गुंडाळी उलगडत जमिनीला टेकते. दरवर्षी तेच ते करून त्याचा जीव विटलेला असतो, पण बोलणार कुणाजवळ? ऐकते ती थडग्याआड लपलेली सॅली. शेवटी बर्फात दोघं भेटतात तीही इथेच. म्हणून नुसती वाकडी टेकडी चालणार नाही, ती उलगडलीच पाहिजे, असं लेकीचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

आधी किल्ल्याचीच रीत वापरली. विटा रचल्या, चिखलात बुडवलेलं पोतं अंथरलं. उतार झकास झाला, पण अधांतरी शेंडा मातीत कसा उभा राहणार? मग बारीक जाळी आणि कागदाचा लगदा घेतला. ओल्या लगद्याच्या वजनानं शेंडा रात्रीतून खाली आला. तिसऱ्यांदा ३ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन तारांना पीळ घालून वर कापूस आणि कापड गुंडाळलं. हा शेंडा सुरेख उभा राहिला. सहाव्यांदा उलगडताना तार बुडाशी तुटली.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येक चौकटीसाठी वस्तू हातानं जराशी हलवायची आणि छायाचित्र घ्यायचं. तिथे तार पुरते. आमच्या दारात संध्याकाळभर मुलं येत राहणार आणि प्रत्येकासमोर टेकडी उलगडायची आहे.

आता असं डोक्यात आहे: लाकडाचे १४ तुकडे, शेंड्याकडे लहान लहान होत जाणारे, वरच्या अंगाला एकाच पोलादी पट्टीवर बसवायचे. खालच्या अंगानं दोरी ओवायची. दोरी ओढली की गुंडाळी व्हावी, सैल सोडली की पट्टीच्या ताणानं शेंडा सरळ व्हावा. गुंडाळीची लांबी साधारण १८ इंच, टेकडीची उंची अडीच फूट.

कळसूत्री बाहुल्या किंवा गणपतीचे हलते देखावे केलेल्या कुणी सांगाल का, एवढ्या लांबीला पट्टी किती जाड घ्यावी? लाकूड जड होईल का, थर्माकोल बरा? आणि सांध्यांवरून कुठलं कापड ओढलं तर उलगडताना चुण्या पडणार नाहीत? चित्रपटातल्या नेपथ्यावर पेनानं काढल्यासारख्या रेघा कोरलेल्या दिसतात. खालच्या उतारावर ओल्या लेपात जेवणाच्या काट्यानं तशा ओढल्या, अगदी हुबेहूब उमटल्या. शेंड्याच्या कापडावर त्या कशा आणाव्यात, हेही सुचवा.

शनिवारी लाकूड कापायला घेणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.