एन्झाइम अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी कमी करतं म्हणजे नक्की करतं काय?

बारावी_विटा:
बायोचा चॅप्टर चालूय. सरांनी वरचं वाक्य सांगितलं, अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी म्हणजे रिअ‍ॅक्शन सुरू व्हायला लागणारा जोर, लिहून घेतलं, पाठ पण झालं, पण डोक्यात काय शिरत नाही. साखरेचं पाणी जंतू पडू न देता बंद ठेवलं तर तसंच राहतंय आणि तीच साखर आतड्यात गेली की लगेच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, मग एन्झाइम उष्णता देतं का?

कराडकर:
नाही रे, अंग 37 डिग्रीलाच असतंय. खंबाटकी बघ, घाट चढायला इंजिनाला जोर लागतो, बोगद्यातनं गेलं की तेवढं चढायलाच लागत नाही, निघायचं आणि पोचायचं ठिकाण तेच.

मिरजेची_बायोकेम:
चालेल, पण तो जुना बोगदा साताऱ्याकडनं पुण्याला जाणाऱ्यांपुरता, एन्झाइम मात्र जाणं-येणं दोन्ही फास्ट करतं. आता खरं काय होतं ते बघ. आतड्यातलं साखर फोडणारं एन्झाइम म्हणजे सुक्रेज, ते एक प्रोटीन, त्याला एक खोबण असते, साखरेचा रेणू त्यात बसतो. ग्लुकोज-फ्रुक्टोजला जोडणारा जो ऑक्सिजन, त्याला खोबणीतलं एक अमिनो आम्ल प्रोटॉन देतं, तेवढ्यात दुसरं समोरनं ग्लुकोजचा कार्बन धरतं, बंध सुटतो, फ्रुक्टोज निघून जातं, मग पाणी येऊन ग्लुकोज सोडवतं आणि खोबण पुढच्या रेणूला मोकळी. नुसत्या पाण्यात हे सगळं बरोबर कोनात जुळायला शेकडो वर्षं जातील. रेणू अर्धवट तुटलेला असतानाच खोबण त्याला सगळ्यात घट्ट धरते, म्हणून ती अवघड अवस्था स्वस्तात पार पडते. सरांचं वाक्य ते हेच.

वाळव्याचा_ऊसवाला:
मॅडम, तोडलेला ऊस कारखान्यावर नंबरला उभा राहिला की उतारा, म्हणजे उसातनं निघणारी साखर, पडतोय ते यानंच का? गुऱ्हाळात पण शिळ्या उसाचा गूळ ढेप धरत नाही, पिळपिळा होतो, हाताला चिकटतोय नुसता.

मिरजेची_बायोकेम:
हो काका, उसातलं इन्व्हर्टेज. एन्झाइम वेगळं, काम तेच, साखर फोडायचं. तोडल्यावर ते चालूच राहतं, उन्हाळ्यात जास्तच. गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळला की प्रोटीनची घडी मोडते आणि ते बंद पडतं, पण तोवर फुटली ती फुटली.

बारावी_विटा:
दोन्ही बाजूंनी फास्ट म्हणालात ना? मग तोडलेल्या उसात फुटलेली साखर परत जुळत का नाही?

मिरजेची_बायोकेम:
बरोबर पकडलंस. रसात पाणी एवढं असतं की तोल फुटलेल्या बाजूलाच झुकलेला असतो, आणि तो तोल एन्झाइमला हलवता येत नाही, तिथपर्यंत लवकर नेतं एवढंच.